राग दाबणं म्हणजे ध्यान नव्हे

प्रश्न : मी रोज ध्यान करतो, तरी सिंहगड रस्त्यावरच्या वाहतुकीत भडकतो, घरी मुलांवर ओरडतो. माझं ध्यान चुकतंय का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. ध्यानामुळे राग येणं थांबत नाही. तो चढताना लवकर ओळखता येतो. म्हणून तो दाबू नका. जबडा आवळला, छाती धडधडली, की सिग्नलला थांबून श्वास सावकाश सोडा; घरी बोलण्याआधी दुसऱ्या खोलीत जा. हे नीट शिकायचं असेल, तर आळंदीजवळ मरकळला विपश्यना ध्यानाची १० दिवसांची शिबिरं होतात, शुल्क नसतं. मानसिक आजारावर उपचार चालू असतील, तर शिबिराला जाण्याआधी डॉक्टरांना विचारा. हात उगारला जात असेल, तर नुसत्या ध्यानावर विसंबू नका. समुपदेशकाला भेटा किंवा ‘टेली मानस’ या मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर बोला. राग आवरणं शिकता येतं, धीर सोडू नका.