मधुमेह व जाहिरातीतील रामबाण

घरातील वडीलधाऱ्यांच्या मोबाइलवर ‘पंधरा दिवसांत साखर समूळ नाहीशी’ अशी जाहिरात आपण पाहिली असेलच. एका पालकांनी मला तसली बाटली आणून दाखविली. तीवर घटकांची यादीच नव्हती! अशा काही ‘निव्वळ वनस्पतिजन्य’ चूर्णांत ग्लिबेनक्लामाइड हे डॉक्टरी औषध गुपचूप मिसळलेले आढळले आहे. साखर उतरते ती त्यानेच, आणि कधी इतकी उतरते की रोगी बेशुद्ध पडतो.

डिसेंबर २०२४ मध्ये मेलबर्नच्या बेकर संस्थेने तर जाहीर केले की, तिच्याच तज्ज्ञांच्या कृत्रिम चित्रफिती बनवून कोणी गोळ्या विकीत आहे. आपल्याकडे मधुमेह बरा करण्याची जाहिरात देण्यास १९५४ च्या कायद्याने मनाई आहे. परंतु समाजमाध्यमांवर विकणारा सापडावा कसा?

सन १९२१ मध्ये टोरांटो येथे बँटिंग व बेस्ट यांनी इन्शुलिन वेगळे काढले. तोवर मुलांचा मधुमेह म्हणजे बहुधा मृत्यूच. आजही ज्या बालकाच्या स्वादुपिंडात इन्शुलिन तयारच होत नाही, त्याची सुई अशा गोळीच्या भरवशावर थांबविली, तर थोड्याच दिवसांत रक्तात आम्ल साचून जिवावर बेतते.