ड्रॉइंग परत कर, बिल सोडू नकोस

चि. बंड्यास,

कंपनीने तुझी बिलं अडवली, याचा राग येणं रास्तच आहे. पण ‘पैसे द्या, नाहीतर तुमची ड्रॉइंग आणि कॉस्टिंग शीट दुसऱ्या पार्टीला दाखवतो’ असं त्यांच्या परचेस मॅनेजरला कळवायचं म्हणतोस, ते कळवू नकोस. व्हॉट्सॲपवर तर नकोच नको. आज येणं तुझं आहे. तो मेसेज गेला की त्यांचे वकील बिलांचं नावही काढणार नाहीत. गोपनीयतेचा करार पुढे करून आधी मनाईहुकूम आणतील आणि तू खुलासे देत बसशील.

आपल्याकडे धंद्याच्या गुपितांसाठी वेगळा कायदा नाही, हे तुझ्या मित्राने सांगितलं ते खरं. त्यावरून त्याने रान मोकळं ठरवलं, ते चूक. कोर्ट करार बघतं, विश्वासभंगही बघतं. विश्वासाने सांगितलेली मालिकेची कल्पना वापरल्याच्या तक्रारीवर मुंबई उच्च न्यायालयाने २००३ साली झी टेलिफिल्म्सलाही अडवलं होतं.

आता त्यांच्या डिझाइन खात्यातल्या ज्या मुलाला तू नोकरीवर घेणार आहेस, त्याचं. माणूस घे, त्याचा पेनड्राइव्ह घेऊ नकोस. कल्याणच्या सेंच्युरी रेयॉनचं प्रकरण वकिलांना आजही तोंडपाठ असतं. टायर कॉर्ड यार्नचं तंत्र कंपनीने १९६१ साली हॉलंड-जर्मनीहून आणलं, ते गुप्त ठेवण्याच्या अटीवर. १९६३ साली पाच वर्षांच्या करारावर घेतलेला एक शिफ्ट सुपरवायझर ते शिकला आणि पुढच्याच वर्षी जास्त पगारावर कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये गेला. तिथेही टायर कॉर्डच! १९६७ साली तो सर्वोच्च न्यायालयातही हरला : कराराची मुदत संपेपर्यंत तिथलं काम बंद, आणि गुपितही फोडायचं नाही. म्हणून या मुलाचा करार आणि नोटीस पिरियड आधी तपास. नोकरी रीतसर संपल्यावर मात्र पोटापाण्याचा धंदाच करू नको म्हणणारी अट करार कायद्याच्या कलम २७ पुढे सहसा टिकत नाही. हातातलं कसब त्याचं, फायली कंपनीच्या. त्या लबाडीने उतरवून घेतल्या तर माहिती तंत्रज्ञान कायद्याने तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते.

‘मोठ्या कंपन्या काय वेगळं करतात?’ असं तू विचारशील. मी खरेदी खात्यात आयुष्य काढलं. एकाचं कोटेशन दुसऱ्यापुढे सरकवून भाव पाडणारे साहेब भरपूर पाहिले. तेही पापच. तुझं कॉस्टिंग त्यांनी असं फिरवल्याचा एखादा मेल असेल तर जपून ठेव, पण त्याची परतफेड तशीच करू नकोस.

पैशाचा रस्ता वेगळा आहे आणि तो बराच भक्कम आहे. तुझी उद्यम नोंदणी या ऑर्डरच्या आधीची आहे ना, ते बघ. असेल तर २००६च्या एमएसएमई कायद्याप्रमाणे माल स्वीकारल्यापासून ४५ दिवसांच्या पुढे मुदत करारानेसुद्धा नेता येत नाही. पुढे बँक दराच्या तिप्पट व्याज, तेही दरमहा चक्रवाढ. त्यासाठी याच कायद्याखालच्या फॅसिलिटेशन कौन्सिलकडे अर्ज कर. तिचा निवाडा तुझ्या बाजूने लागला आणि कंपनीला त्याला आव्हान द्यायचं असलं, तर आधी ७५ टक्के रक्कम भरावी लागते. तुझ्या धमकीपेक्षा त्यांचे फायनान्सवाले याला जास्त घाबरतील. कौन्सिलच्या तडजोडीच्या बैठकीत त्यांचा माणूस काही कबूल करून गेला, तर ते पुढे पुरावा म्हणून वापरता येत नाही, एवढं ध्यानात ठेव. तुझा पुरावा म्हणजे परचेस ऑर्डर, चलनं, माल मिळाल्याच्या पोचपावत्या आणि मेल.

ड्रॉइंग परत कर आणि पोच घे. मालाच्या दर्जाचा वाद निघण्याची शक्यता असेल तर कुठल्या प्रती ठेवायच्या, ते वकिलाला विचारून ठरव. स्वतःच्या लॅपटॉपवर ठेवू नकोस. त्या मुलाकडून जुन्या कंपनीची एकही फाइल आणलेली नाही असं लिहून घे, मगच नेमणूकपत्र दे. आणि कौन्सिलकडे अर्ज भरण्याआधी त्याचा मसुदा मला पाठव.

तुझा
मामा