शाळेतील बीजगणित आणि शेतकऱ्याचा हिशेब

‘शाळेत शिकलेला क्ष पुढे कोठे उपयोगी पडला?’ असा प्रश्न ग्रामकार्यकर्त्यांना पुष्कळदा ऐकावा लागतो. प्रश्न रास्त आहे. मजुरी, दुधाचा हिशेब, बियाण्याचे वजन यांस त्रैराशिक पुरते, आणि ते आपल्या वडीलधाऱ्यांस तोंडी येत असे. तथापि जेथे फळ माहीत असून मूळ शोधावयाचे असते, किंवा दोन अज्ञात गोष्टी एकमेकींत गुंतलेल्या असतात, तेथे तोंडी हिशेब हमखास चुकतो.

द्रोणागिरीचे उदाहरण घेऊ. पनवेलजवळील उरण तालुक्यातील हा भाग मूळचा भातखाचरांचा व मिठागरांचा. सिडकोची स्थापना १९७० साली झाली व नव्या मुंबईसाठी येथील जमिनी संपादन करण्यात आल्या. जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच जणांनी प्राण गमावले. पुढे १९९० च्या दशकात साडेबारा टक्के विकसित भूखंडांची योजना अमलात आली. इतक्या मोलाने मिळालेल्या भूखंडाचा हिशेब तरी चुकू नये.

या साडेबारा टक्क्यांपैकी ३० टक्के भाग, म्हणजे ३.७५ टक्के, सामाजिक सुविधांसाठी वजा होतो. खातेदाराच्या हाती ८.७५ टक्के राहतात. आता समजा, दोघा भावांच्या संपादित जमिनीपोटी मिळून ७०० चौरस मीटरचा भूखंड मिळाला. थोरल्याची जमीन ३० आर होती, असा दाखला आहे. धाकट्याचा कागद हाती नाही. भूखंड जमिनीच्या प्रमाणात वाटावयाचा आहे. एकूण जमीन क्ष चौरस मीटर मानू.

क्ष × ८.७५ ÷ १०० = ७००
म्हणून क्ष = ८,००० चौरस मीटर, अर्थात ८० आर.

धाकट्याची जमीन ५० आर निघाली. थोरल्याचा वाटा २६२.५ व धाकट्याचा ४३७.५ चौरस मीटर. पण योजनेचे नाव ‘साडेबारा टक्के’ असल्याने कोणी १२.५ नेच भागले, तर एकूण जमीन ५६ आर येते, धाकट्याच्या नावे २६ आरच उरतात आणि थोरल्यास ३७५ चौरस मीटर जातात. एका आकड्याच्या चुकीने धाकट्याचे ११२.५ चौरस मीटर गेले! भावाभावांतील वैर पुष्कळदा लबाडीतून नव्हे, अशाच हिशेबातून उपजते. अर्थात मूळ निवाड्याची नक्कल मिळाल्यास तीच प्रमाण मानावी. समीकरण हे तिच्या पडताळणीसाठी.

भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात बीजगणितावर ग्रंथ लिहिला, तेव्हा अज्ञातास ‘यावत्तावत्’ म्हटले जाई. तेव्हा क्ष हा काही परका पाहुणा नव्हे.

भूखंडाचा हिशेब जन्मात एकदा करावयाचा. खताचा मात्र दर हंगामी. जेथे अद्याप भातशेती टिकून आहे, तेथील एक चूक सर्रास दिसते. समजा, भातास दरहेक्टरी १०० किलो नत्र व ५० किलो स्फुरद द्यावयाचे आहे. डीएपीमध्ये १८ टक्के नत्र व ४६ टक्के स्फुरद असते. युरियात ४६ टक्के नत्र. डीएपी क्ष किलो व युरिया य किलो मानल्यास,

०.४६ क्ष = ५०
०.१८ क्ष + ०.४६ य = १००

पहिल्या समीकरणावरून क्ष सुमारे १०९ किलो येतो. त्यातून सुमारे १९.६ किलो नत्र मिळतेच. उरलेल्या ८०.४ किलो नत्रासाठी य सुमारे १७५ किलो. परंतु डीएपीतील नत्र विसरून सगळे १०० किलो युरियातूनच धरले, तर २१७ किलो युरिया पडतो. जादा ४२ किलो, म्हणजे ४५ किलोची जवळजवळ एक गोणी! पैसा जातोच, शिवाय अति नत्राने भात माजतो, लोळतो आणि करपा व तुडतुडे यांस बळी पडतो.

क्षेत्र २० गुंठे, म्हणजे साधारण २० आर असल्यास दोन्ही उत्तरांचा पाचवा हिस्सा घ्यावा: डीएपी सुमारे २२ किलो व युरिया ३५ किलो. माती परीक्षणाच्या पत्रिकेत मात्रा निराळी असेल, तर १०० व ५० च्या जागी ते आकडे घालावेत. उत्तर आल्यावर ते पुन्हा समीकरणात घालून ताळा पाहावा, आणि मगच दुकानात गोण्या सांगाव्यात.