लूप, लय आणि सम

२०२४ च्या स्नेहसंमेलनात माझे एकल तबलावादन होते. लेहरा धरणारा मित्र ऐनवेळी तापाने आजारी पडला. तेव्हा मी स्वतःच पेटीवर तीनतालाचे एक आवर्तन वाजवले, ते 'सूपरलूपर' या संगणक-प्रणालीत टिपले आणि तेच फिरत ठेवून तबल्याला बसलो. अशा फिरत्या तुकड्याला लूप म्हणतात. कानात दुसऱ्या प्रणालीची टिकटिक होती. कायदा संपवून रेल्याला येईतो लेहऱ्याची सम एकीकडे अन् टिकटिकेची दुसरीकडे! कशीबशी तिहाई घेऊन उठलो. पुढच्या रांगेत बसलेल्या गुरुजींनी मान खाली घातली होती.

नंतर कागदावर हिशेब मांडला. मिनिटाला ९६ मात्रांची लय धरली, तर एक मात्रा ०.६२५ सेकंदाची आणि १६ मात्रांचे आवर्तन बरोबर १० सेकंदांचे. मुद्रण थांबवताना पाय सेकंदाचा विसावा भाग उशिरा पडला, की लूप १०.०५ सेकंदांची होते. एका फेरीत हे कानाला कळतही नाही. पण प्रत्येक फेरीत तेवढीच भर पडते. २० आवर्तनांत पूर्ण एक सेकंद, म्हणजे दीड मात्रेहून अधिक! पेटीवरचा माणूस तबला ऐकून सावरून घेतो. लूप कोणाचे ऐकत नाही.

तेव्हा लूपची लांबी पायावर सोपवू नये. टिकटिकेच्या प्रणालीने ठोका द्यावा आणि लूपच्या प्रणालीने तो घ्यावा. १९८३ पासून रूढ असलेल्या 'मिडी' पद्धतीत एका मात्रेमागे २४ सूक्ष्म ठोके जातात, तेच येथे कामी येतात. दोन्हीकडे नुसते ९६ लिहून भागत नाही. सूपरलूपरमध्ये आवर्तनात अर्ध्या मात्रा ३२ असे सांगावे, 'सिंक' चालू करावे आणि 'क्वांटाइझ' सायकलवर ठेवावे. मग बटण दाबले तरी प्रणाली समेची वाट पाहते आणि तेथेच मुद्रण सुरू वा बंद करते.

येथे माझी पुन्हा एकदा फसगत झाली. मी सवयीने समेवरच बटण दाबी. केसभर उशीर झाला की प्रणाली आणखी एक अख्खे आवर्तन टिपून घेई! चौदाव्या-पंधराव्या मात्रेला दाबावे, हे बरे. तसेच लूप टिपल्यावर लय चढवू नये. चढवायचीच तर नवी लूप घ्यावी.

रियाजाला आता ही सोबत उत्तम चालते. यंदाच्या संमेलनात मात्र पेटीवर मित्रच बसणार आहे.