जाळीकामाची यंत्रकरवत : नवशिक्यांसाठी काही सूचना

देव्हाऱ्याची महिरप, चतुर्थीच्या मखराची जाळी, दारावरील नामफलक, मुलांची खेळणी या वस्तूंतील नाजूक वळणे कापण्यासाठी बारीक पात्याची जी यंत्रकरवत वापरतात, तिला ‘स्क्रोल सॉ’ म्हणतात. ती लहानशा टेबलावर मावते व घरगुती विजेवर चालते. त्यामुळे पूरक व्यवसाय करू इच्छिणाऱ्या तरुणांना व शाळांतील हस्तकलेच्या वर्गांना ती उपयुक्त ठरते. मात्र पाती वारंवार तुटतात, नक्षी वाकडी जाते, आणि अनेकजण आरंभीच निराश होतात. या दोन्ही दोषांचे मूळ बहुधा एकच असते : लाकूड जोराने पुढे ढकलणे. कापण्याचे काम पात्याचे आहे. हाताने केवळ दिशा द्यावयाची असते.

पाते व लाकूड

या यंत्राचे पाते सामान्यतः ५ इंच लांबीचे असते. पात्याचा क्रमांक जितका मोठा, तितके ते जाड असते. १२ ते १८ मिलिमीटर जाडीच्या लाकडासाठी ५ क्रमांकाच्या पात्याने आरंभ करावा. पात्याचे दाते खालच्या दिशेस असावेत. बोटाने छेडल्यावर स्पष्ट नाद आला, तर ताण योग्य समजावा. ढिले पाते वाकते व तुटते. पाते टेबलाशी काटकोनात आहे की नाही, हे गुण्याने तपासावे. सरावासाठी शिवणीसारखे मऊ व बिनगाठीचे लाकूड घ्यावे. प्लायवुडमधील डिंकामुळे पाते लवकर बोथट होते.

कापण्याची रीत

प्रथम सरळ रेषा, नंतर लाटेसारखी वळणे व शेवटी वर्तुळ, या क्रमाने सराव करावा. घडणीत दात्यांच्या एका बाजूस सूक्ष्म धार राहत असल्याने पुष्कळशी पाती उजवीकडे ओढ घेतात. अशा वेळी जोर न करता लाकूडच किंचित तिरके धरावे. कोपऱ्यावर पुढे सारणे थांबवून लाकूड पात्याभोवती सावकाश फिरवावे. जाळीची आतील छिद्रे आधी कापावीत, म्हणजे बाहेरील भागाचा आधार कायम राहतो. त्यासाठी टाकाऊ भागात भोक पाडून, यंत्र बंद करून, पाते त्यातून ओवून घ्यावे.

सुरक्षितता

पाते बदलण्यापूर्वी प्लग काढावा. बोटे पात्याच्या समोर कधीही ठेवू नयेत. मोकळे केस, पदर व सैल बाह्या आवरून घ्याव्यात आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा लावावा. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अहवालात लाकडाच्या धुळीची गणना मानवास कर्करोग उत्पन्न करणाऱ्या घटकांत केली आहे. म्हणून नाकातोंडावर चांगला मास्क असावा, आणि भुसा केरसुणीने न उडवता ओल्या फडक्याने टिपावा.

वाया गेलेल्या दहा तुकड्यांची किंमत बिघडलेल्या एका मखरापेक्षा कमीच असते. नवशिक्यांनी हा हिशेब ध्यानी ठेवून प्रथम टाकाऊ लाकडावर हात बसवावा व मगच मागणीचे काम स्वीकारावे.