पित्त म्हणून सोडून देऊ नका

तंबाखू नाही, दारू नाही, वजन बेताचं, आणि पहाटे पर्वती चढायची वर्षानुवर्षांची सवय. सत्तेचाळिसाव्या वर्षी माझ्या हृदयाच्या मुख्य धमनीत नव्वद टक्के अडथळा निघाला, तेव्हा घरात कुणाचा विश्वासच बसेना.

लक्षण एवढंच होतं: निम्म्या पायऱ्या झाल्या की घशाखाली जळजळ आणि खालचा जबडा ओढल्यासारखा. थांबलो की लगेच कमी. छातीत कळ नाही, घाम नाही. सगळे म्हणाले, पित्त आहे, रात्री लवकर जेवत जा. ईसीजीही नॉर्मल आला. नात्यातल्या एका डॉक्टरांनी मात्र विचारलं, "जळजळ जेवल्यावर होते की चढताना?" त्या प्रश्नानं मी वाचलो. पित्ताला पायऱ्या कळत नाहीत. श्रमानं येतं आणि थांबल्यावर जातं, ते तपासून होईपर्यंत हृदयाचंच समजायचं.

ईसीजी त्या घटकेपुरतंच सांगतो. स्वस्थ पडल्यावर हृदयाला रक्त पुरतं, म्हणून पट्टी स्वच्छ येते. माझं दुखणं स्ट्रेस टेस्टमध्ये उघड झालं, अँजिओग्राफीत पक्कं झालं, स्टेंट बसला. पण स्ट्रेस टेस्ट चांगली आली तरी ती हमी नव्हे. धमनी अर्धीसुद्धा बुजलेली नसताना आतला चरबीचा थर फुटतो, तिथं गुठळी होते आणि झटका येतो. काल ठणठणीत असलेला माणूस आज जातो, तो पुष्कळदा असा.

व्यायाम सोडू नका, मीही सोडलेला नाही. पण वारसा त्यानं पुसला जात नाही. अमेरिकेत लाखो लोकांना धावायला लावणारे जिम फिक्स १९८४ साली धावतानाच गेले, वय ५२. त्यांचे वडील ४३ व्या वर्षी हृदयविकारानंच गेले होते. माझे वडील ५३ व्या वर्षी झोपेत गेले. सुखाचं मरण, असं आमच्याकडे म्हणत आले. त्याचं कारण कुणी शोधलं नाही. वडील किंवा भावाला ५५ च्या आत, आई किंवा बहिणीला ६५ च्या आत हृदयविकार झाला असेल, तर तुमचा धोका वाढलेला असतो. अशांनी रक्तदाब, साखर, कोलेस्टेरॉल तर पाहावंच, शिवाय लायपोप्रोटीन-ए ही तपासणी आयुष्यात एकदा करावी. ते बहुतांशी जन्मतःच ठरलेलं असतं आणि नेहमीच्या कोलेस्टेरॉलच्या रिपोर्टात दिसत नाही.

बसल्या जागी छाती, जबडा किंवा पाठ दाटून आली, दरदरून घाम सुटला आणि ते थांबेना, तर सोडा पिऊन वाट पाहू नका. स्वतः गाडी चालवू नका. १०८ ला फोन करा आणि अँजिओप्लास्टीची सोय असलेलं रुग्णालय गाठा. असं रुग्णालय घराजवळ कोणतं, हे आधीच ठाऊक असू द्या. बायकांमध्ये नुसता थकवा, मळमळ, दम एवढंच दिसू शकतं. त्यांचं दुखणं घरकामाच्या दमणुकीवर ढकलू नका.

आणि आजच घरातल्या वडीलधाऱ्यांना विचारा: आपल्याकडे कोण कितव्या वर्षी गेलं, आणि कशानं? ते कागदावर लिहून पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर ठेवा.