एक प्रिंटर, अनेक संगणक : सामाईक छपाईचे तंत्र आणि दक्षता

छत्तीसगडमधील भिलाई हे पोलादाचे शहर म्हणून सर्वपरिचित आहे. सोव्हिएत संघाच्या सहकार्याने उभारलेल्या येथील कारखान्याच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्‌घाटन फेब्रुवारी १९५९ मध्ये राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते झाले. या कारखान्याच्या आधाराने शहरात सुटे भाग, ओतकाम आणि यंत्रकाम करणारे अनेक लघुउद्योग वाढले. अशा एखाद्या उद्योगाचे कार्यालय डोळ्यांसमोर आणावे. एका संगणकावर हिशेब, दुसऱ्यावर भांडाराची नोंद, तिसऱ्यावर पत्रव्यवहार आणि निविदा. संगणक तीन, प्रिंटर मात्र एकच, आणि तोही हिशेबनिसाच्या टेबलावर.

फाटकाशी मालाचा ट्रक उभा आहे आणि भांडारातील कारकून पेन ड्राइव्ह हाती घेऊन हिशेबनिसाचा संगणक मोकळा होण्याची वाट पाहतो आहे, हे दृश्य अशा कार्यालयांत नवे नाही. यात वेळ तर जातोच, शिवाय पेन ड्राइव्हबरोबर एका यंत्रावरील व्हायरसही दुसऱ्यावर पोहोचतो. यावरील सोपा उपाय म्हणजे तो एकच प्रिंटर कार्यालयीन नेटवर्कवर सर्वांसाठी सामाईक करणे.

गरज कोठे उरते?

अलीकडचे अनेक प्रिंटर स्वतःच नेटवर्कला वा वाय-फायला जोडता येतात. तेथे कोणत्याही संगणकाच्या मध्यस्थीची गरज नसते. परंतु मालाची बीजके छापणाऱ्या कार्यालयांत डॉट मॅट्रिक्स प्रिंटर अद्याप टिकून आहे, आणि त्याला सबळ कारण आहे. केंद्रीय वस्तू व सेवा कर नियमावली, २०१७ मधील नियम ४८ नुसार मालाच्या पुरवठ्याचे बीजक तीन प्रतींत करावे लागते : मूळ प्रत खरेदीदाराची, दुसरी वाहतूकदाराची, तिसरी पुरवठादाराची. ई-बीजक लागू असलेल्या व्यवहारांना ही अट नाही, इतरांना आहे. डॉट मॅट्रिक्स प्रिंटरच्या सुया फितीवर आघात करतात, त्यामुळे कार्बन घातलेल्या तिन्ही प्रती एकाच वेळी उमटतात. लेझर वा इंकजेट प्रिंटरला हे साधत नाही. मात्र अशा प्रिंटरपैकी पुष्कळांना केवळ यूएसबी किंवा जुनी पॅरलल केबल जोडता येते. म्हणून त्यांना एका संगणकाचा आधार घ्यावा लागतो.

यजमान संगणकाचे काम

प्रिंटर ज्या संगणकाला जोडलेला असतो, त्यास यजमान संगणक म्हणता येईल. इतर संगणकांवरून आलेली छपाईची कामे प्रथम यजमानाकडे पोहोचतात. तेथील ‘प्रिंट स्पूलर’ ही सेवा ती कामे तात्पुरती साठवते आणि एकामागून एक प्रिंटरकडे सोडते. सामाईक विहिरीवर पाणी भरण्याची पाळी लावावी, तसेच हे काम.

यातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी, की यजमान संगणक बंद असेल किंवा झोपी गेला असेल, तर कोणाचीही छपाई होत नाही. म्हणून कार्यालयीन वेळेत त्याची ‘स्लीप’ व्यवस्था बंद ठेवावी. दुसरी अधिक महत्त्वाची : इतर यंत्रांची कामे स्वीकारायची, तर यजमानाला आपले दार त्यांच्यासाठी उघडावे लागते. ते कोणासाठी आणि किती उघडायचे, हाच या विषयाचा गाभा होय.

जोडणीचे टप्पे

विंडोज ११ मध्ये पुढील क्रमाने जावे.

१. सर्व संगणक एकाच राउटरला जोडलेले आहेत याची खात्री करावी. नेटवर्कचा प्रकार ‘प्रायव्हेट’ निवडावा; ‘पब्लिक’ प्रकारात संगणक इतरांना सहसा दिसत नाही.

२. यजमान संगणकाच्या ‘अॅडव्हान्स्ड शेअरिंग सेटिंग्ज’मध्ये प्रायव्हेट नेटवर्कपुरते ‘नेटवर्क डिस्कव्हरी’ आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ सुरू करावे. ‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ मात्र सुरूच ठेवावे.

३. यजमानावर केवळ छपाईसाठी एक साधे वापरकर्ता-खाते उघडून त्यास भक्कम पासवर्ड द्यावा. या खात्याला प्रशासकाचे अधिकार देऊ नयेत.

४. ‘सेटिंग्ज’मधील ‘प्रिंटर्स अँड स्कॅनर्स’मध्ये प्रिंटर निवडून ‘प्रिंटर प्रॉपर्टीज’ उघडावी. ‘शेअरिंग’ या पानावर ‘शेअर धिस प्रिंटर’समोर खूण करून छोटे, जोडशब्दाविना नाव द्यावे. ‘सिक्युरिटी’ या पानावर ‘एव्हरीवन’ हा गट वगळून वरील खात्याला फक्त ‘प्रिंट’ची अनुमती द्यावी.

५. दुसऱ्या संगणकावर ‘अॅड डिव्हाइस’ आणि नंतर ‘अॅड मॅन्युअली’ निवडावे. नावाने सामाईक प्रिंटर शोधण्याच्या पर्यायात दोन उलट्या तिरक्या रेघा, यजमान संगणकाचे नाव, पुन्हा एक उलटी तिरकी रेघ आणि प्रिंटरचे नाव लिहावे. विचारणा होताच छपाई-खात्याचे नाव आणि पासवर्ड द्यावा.

६. शेवटी चाचणी पान छापून पाहावे.

एखादे काम रांगेत अडकले, की मागची सर्व कामे खोळंबतात. अशा वेळी यजमानावरील रांगेतून ते काम रद्द करावे. तेवढ्याने न भागल्यास ‘सर्व्हिसेस’मध्ये जाऊन ‘प्रिंट स्पूलर’ बंद करून पुन्हा सुरू करावा.

आडवाटेचा मोह

जोडणी करताना अनेकदा त्रुटीचा संदेश येतो, आणि येथेच घाईचे उपाय सुचवले जातात. पासवर्ड काढून टाका, फायरवॉल बंद करा, रजिस्ट्रीतील अमुक नोंद शून्य करा. छपाई लगेच सुरू होते, म्हणून हे उपाय लोकप्रिय होतात.

यातील रजिस्ट्रीच्या उपायामागे इतिहास आहे. जुलै २०२१ मध्ये ‘प्रिंटनाइटमेअर’ या नावाने ओळखला जाणारा दोष उघड झाला. स्पूलरमधील या दोषाचा लाभ घेऊन नेटवर्कवरील परका मनुष्य संगणकाचा पूर्ण ताबा मिळवू शकत होता. मायक्रोसॉफ्टने तातडीने दुरुस्ती प्रसृत केली. ऑगस्ट २०२१ पासून प्रिंटरचा ड्रायव्हर बसवण्यास प्रशासकाचे अधिकार आवश्यक ठरले. सप्टेंबर २०२१ मध्ये यजमानाशी होणारा छपाईचा संवाद अधिक कडक तपासणीखाली आला. एक संगणक अद्ययावत आणि दुसरा जुना, अशा कार्यालयांत त्यानंतर ‘११बी’ने संपणारी त्रुटी दिसू लागली. योग्य उपाय म्हणजे सर्व संगणक अद्ययावत करणे. रजिस्ट्रीतील नोंद शून्य करणे म्हणजे नवे कुलूप काढून दार पूर्ववत उघडे टाकणे होय.

पॅरलल केबलची सोय फक्त जुन्या संगणकावर आहे, म्हणून तोच यजमान म्हणून राखला जातो. विंडोज १० ची नियमित सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी समाप्त झाली. त्याआधीच्या आवृत्त्या तर केव्हाच मागे पडल्या आहेत. कार्यालयातील सर्वांत दुबळे यंत्रच सर्वांसाठी उघडे असावे, हे अयोग्य आहे. नवा संगणक आणि यूएसबी असलेला प्रिंटर यांवर होणारा खर्च या दृष्टीने पाहावा.

दोन बोलकी उदाहरणे

प्रिंटरच्या वाटेने काय येऊ शकते, हे जून २०१० मध्ये उजेडात आलेल्या ‘स्टक्सनेट’ने दाखवले. औद्योगिक यंत्रणांना लक्ष्य करणारा हा घातक प्रोग्राम ज्या मार्गांनी पसरला, त्यांपैकी एक होता सामाईक प्रिंटर असलेल्या संगणकांच्या स्पूलरमधील दोष. सप्टेंबर २०१० मध्ये तो दोष दुरुस्त झाला. इराणप्रमाणेच भारतातील संगणकांनाही त्याची बाधा झाली होती. कारखान्यांच्या शहराने हे विशेष ध्यानात ठेवावे.

दुसरे उदाहरण बँकिंग क्षेत्रातील आहे. ४ फेब्रुवारी २०१६ च्या रात्री बांगलादेश बँकेच्या संगणकांत शिरलेल्या घुसखोरांनी न्यूयॉर्क येथील फेडरल रिझर्व्ह बँकेला सुमारे ९५ कोटी १० लाख डॉलर वळते करण्याचे आदेश धाडले. व्यवहारांचे संदेश आपोआप छापणारा प्रिंटर दुसऱ्या दिवशी बंद आढळला. तो घुसखोरांनीच निकामी केला होता. कर्मचाऱ्यांना मात्र तो नेहमीचा बिघाड वाटला. प्रिंटर पुन्हा सुरू झाला, तेव्हा न्यूयॉर्कहून आलेल्या चौकशीचे संदेश बाहेर पडले. बहुतेक आदेश अडवले गेले, तरी ८ कोटी १० लाख डॉलर फिलिपाइन्समध्ये पोहोचले होते. मुका झालेला प्रिंटर ही त्या दिवशीची पहिली खूण होती.

नित्याची दक्षता

पाहुण्यांना आणि ग्राहकांना वाय-फाय द्यायचे असल्यास राउटरवर त्यांच्यासाठी वेगळे ‘गेस्ट’ नेटवर्क ठेवावे. बाहेरच्या इंटरनेटवरून प्रिंटरपर्यंत पोहोचण्याची वाट राउटरवर उघडू नये. ‘कीप प्रिंटेड डॉक्युमेंट्स’ हा पर्याय बंद ठेवावा, अन्यथा छापलेल्या कागदपत्रांच्या प्रती यजमानावर साचत राहतात. कर्मचारी नोकरी सोडून गेल्यास छपाई-खात्याचा पासवर्ड बदलावा. जेथून नेट बँकिंग चालते, तो संगणक शक्यतो यजमान करू नये.

कागदाचाही विसर पडू नये. सामाईक प्रिंटरवर एकाचे वेतनपत्रक आणि दुसऱ्याचे चलान एकाच तबकात पडते. खातेउतारा, धनादेशांची यादी वा निविदेचे दर छापताना संबंधिताने प्रिंटरजवळ उभे राहावे आणि कागद त्वरित उचलावा.

सामाईक प्रिंटरची जोडणी अर्ध्या तासाचे काम आहे. तिची निगराणी मात्र रोजची आहे, आणि ती कोणा एका कर्मचाऱ्याकडे नावानिशी सोपवलेली असावी. सर्वांच्या उपयोगाची वस्तू कोणाच्याच जबाबदारीची नसली, तर तिची काय अवस्था होते, हे सामाईक विहिरीने गावांना फार पूर्वीच शिकवले आहे.